फुकटचा नौकाविहार

लग्नाला बारा दिवस झाले होते आणि हनिमूनला तीन. तेवढ्यात आपला नवरा काय चीज आहे, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं. परदेशात आल्यावर माणूस मोकळा होतो म्हणतात. हा आणखीच आवळला होता.

घरचे त्याला कौतुकाने ‘मॅनेजर’ म्हणत. प्रत्यक्षात तो एका गोदामात आलेला माल तपासून घ्यायचा, आणि हनिमूनही त्याने तसाच तपासून घ्यायला काढला होता. विमानाची तिकिटं आणि हॉटेल, दोन्ही घरचा आहेर. आसपासच्या सहली तेवढ्या त्याच्याकडे होत्या. त्यासाठी त्याने फाइल केली होती. प्रत्येक पानावर लाल शाईत ‘रोमँटिक’, खाली ठिकाणाचं नाव आणि त्याखाली ‘परवडणारे’. त्यात त्याच्या ताईचाही हात होता. ताई दहा वर्षांपूर्वी एकदा परदेशी जाऊन आली होती आणि तेव्हापासून साऱ्या खानदानाला जगाचा भूगोल शिकवत होती.

पहिला दिवस प्रवासाच्या शिणात गेला. दुसऱ्या दिवशी डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्यांखाली उभं राहून दोघांनी फोटो काढले. वर गेलं काय नि खाली राहिलं काय, फोटोत डोंगर येतोच, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी गरम पाण्याचे झरे. आत न जाता कुंपणामागे वाहून येणाऱ्या पाण्यात पाय बुडवून बसता येतं, हा शोध त्याचा स्वतःचा. पाणी कोमट होतं आणि त्यातून कुणाकुणाच्या अंगाचा साबण येत होता. तो मात्र गड सर केल्यासारखा तिच्याकडे बघत होता. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवण्यात तिची नऊ वर्षं गेली होती; लोकांच्या उघड्या तोंडांचे साचे बघून गप्प बसायची तिला सवय होती.

चौथ्या दिवशी फाइलमधलं सगळ्यात लाडकं पान निघालं. नदीतून दोन तासांचा नौकाविहार, दोघांना, संपूर्ण फुकट. हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या एका हसतमुख मुलीकडून त्याने कुपन मिळवलं होतं. सकाळी गाडी न्यायला आली, पण ती नदीवर न जाता एका हॉलपाशी थांबली. बोटीत बसण्याआधी छोटीशी माहिती देणार होते म्हणे. आत गोल टेबलं आणि प्रत्येक टेबलाशी एकेक नवं जोडपं, चेहऱ्यावर फुकट काहीतरी मिळणार असल्याचं तेज.

त्यांच्या टेबलावर एक सुटाबुटातला विक्रेता येऊन बसला. समोरचे चार दात नवे बसवलेले, तेही एक नंबर मोठे. कुणीतरी घाईत उरकलेलं काम, हे तिने पहिल्या हसण्यातच ओळखलं. तळ्याकाठी बंगला, दरवर्षी एक आठवडा, आयुष्यभर तुमचा, असं तो सावकाश इंग्रजीत समजावत होता. नवऱ्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्या माणसाने त्याला दूरदृष्टीचा माणूस म्हटलं, बायकोवर जीव असणारेच असा निर्णय घेतात म्हटलं, आणि पाण्याच्या बाटलीसाठी तीन दुकानं पालथी घालणारा हा मॅनेजर लोण्यासारखा वितळला. त्याने पेन हातात घेतलं.

तिने विक्रेत्याला बोट कुठे आहे ते विचारलं. सही झाली की बोटीचा पास मिळेल, असं तो त्या मोठ्या दातांतून म्हणाला.

“तू खरंच सही करणार आहेस?” तिने नवऱ्याला विचारलं.

“हळू बोल. आयुष्यभराची रोमँटिक सोय आहे. एकेका वर्षाचं बघितलं तर परवडतं.”

“काल तू मला गटारात पाय बुडवायला लावलंस.”

“लोकांसमोर शोभा करू नकोस.”

“इथे मराठी कुणाला कळतंय?” ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली. तो मागून येईल असं तिला दारापर्यंत वाटलं. तो आला नाही.

उतारावरून खाली चालत गेल्यावर नदी लागली. एका साध्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला लाँच सुटत होती. तिकीट चहापेक्षा स्वस्त. शेजारी कारखान्यातून सुटलेल्या बायका रबरी बूट घालून, पाय पसरून बसल्या होत्या. कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मध्यावर गार वारा सुटला, आणि तिला स्वतःचाच तिटकारा आला. लग्नाआधी दोन भेटी, मिळून तास-दीड तास. हा मुलगा मध्ये न बोलता ऐकून घेतो, एवढ्यावर तिने होकार दिला होता. ऐकून घेणारा माणूस मनात काय करत असतो, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. पलीकडे उतरून ती एका ओट्यावर तासभर बसली आणि दुपारच्या लाँचने परतली.

खोलीत तो फुशारला होता. सही केली होती, पहिला हप्ताही कार्डावरून भरला होता, बोटीचा पास उद्याचा होता आणि भेट म्हणून दोन टॉवेल मिळाले होते. तिने करार मागून घेतला, पलंगावर बसून शेवटच्या पानापर्यंत वाचला. सात दिवसांच्या आत लेखी कळवलं तर सगळं रद्द करता येत होतं. तिने पत्राचा मजकूर सांगितला, त्याने मुकाट्याने लिहिला. लिहिता लिहिता त्याचा चेहरा पडत गेला. ताईला यातलं काही सांगू नकोस, एवढंच त्याने अजिजीने म्हटलं. ते ऐकून तिला त्याची कीवसुद्धा आली नाही.

मग त्याने विचारलं, “तू कुठे गेली होतीस?”

तिने लाँचचं सांगितलं. तिकिटाचा आकडा ऐकताच त्याचे डोळे चमकले. त्याने फाइल ओढली, कोरं पान काढलं आणि लाल पेनाचं टोपण उघडलं.

“धक्का कुठे आहे हा? उद्या पत्र देऊन झालं की दोघं जाऊ.”

“पत्र तू देऊन ये,” ती म्हणाली. “लाँचने मी एकटी जाणार आहे.”

धक्का कुठे आहे, ते तिने सांगितलं नाही.