मोठ्या गटातल्या तीन प्रवेशिका

ताईंनी तिसऱ्या पाकिटाच्या कडेवरून डिंकाचं बोट फिरवलं, कड अंगठ्यानं दाबून धरली आणि मनातल्या मनात वीस आकडे मोजले. मग पाकीट उलटं करून पाठीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं : मोठा गट, ३. भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते. सहा वाजता प्रवेशिका घेणं बंद होणार होतं.

शिपाईकाका एकेक खिडकी लावत काउंटरपाशी आले आणि मोठ्या गटाच्या खोक्यात डोकावले.

"दुपारी एकच होतं ना ह्यात?"

"आणखी दोन आली."

"कुणी आणली? मी तर दारातच होतो."

"आली," ताई म्हणाल्या.

काकांनी पाकिटांकडे पाहिलं, मग ताईंच्या बोटांवरच्या डिंकाकडे.

"व्याली असतील," ते म्हणाले आणि पुढच्या खिडकीकडे गेले.

*नियम ६. कोणत्याही गटात तीनपेक्षा कमी प्रवेशिका आल्यास तो गट रद्द समजण्यात येईल.*

वाचनालयाच्या काव्यस्पर्धेत छोट्या गटाची काळजी कधीच नसे. यंदा तिथं एकशे अठ्ठावीस पाकिटं होती. आई, झाड, फुलपाखरू, पुन्हा आई. त्यातल्या निम्म्या कविता आयांनीच लिहिलेल्या असत. तिसरीतलं पोर 'अस्तित्व' म्हणायला लागलं की ताई गालात हसत. मोठा गट मात्र, पंधरा ते सतरा वर्षांचा, वर्षागणिक आटत चालला होता. मागच्या खेपेला चार, त्याआधी सात. कार्यवाहांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "ह्या वर्षी तीन नाही आल्या तर गट कायमचा बंद करू. उगाच किती ओढायचं?"

एक आली होती. पाकिटावर नाव नव्हतं, तरी कुणाची ते ताईंना ठाऊक होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता एक मुलगी येऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसे आणि वाचनालय बंद होईपर्यंत उठत नसे. काका तिला 'खिडकी' म्हणत. "खिडकी आली. खिडकी आज शिंकतेय." दोन वर्षांत ती ताईंशी वीसेक वाक्यं बोलली असेल. मागच्या शुक्रवारी ती खोक्यापुढे बराच वेळ उभी राहिली. पाकीट आत टाकलं, बोटं घालून परत काढलं, चिकटवलेली बाजू तपासली, पुन्हा टाकलं.

"आत गेलेलं बाहेर काढता येत नाही ना?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि त्या दिवशी टेबलावर न बसताच निघून गेली.

शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत ताईंनी दाराकडे पाहिलं. मग कोरे कागद पुढे ओढले.

पहिली कविता दहा मिनिटांत झाली. 'पुस्तक माझा मित्र'. मित्र, चित्र, पवित्र. शेवटी ज्ञानाचा दिवा. परीक्षकांनी बाजूला ठेवावी इतकी वाईट, संशय येऊ नये इतकी नीटनेटकी. दुसरीही तशीच लिहायची होती. 'माझी शाळा' असं शीर्षक दिलं, खाली रेघ मारली, आणि पेन थांबलं ते थांबलंच. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी त्यांनी शीर्षक खोडलं आणि जे सुचत होतं ते लिहून टाकलं. काटछाट करायला वेळच नव्हता.

*नियम ३. कवितेच्या पानावर नाव लिहू नये. नाव, वय व पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात ठेवावा.*

वाईट कवितेच्या चिठ्ठीवर त्यांनी गाव सोडून गेलेल्या एका जुन्या सभासदाचं नाव घातलं. दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं : मनू. वय सोळा. आडनाव मुलं विसरतात तसं राहू दिलं. पत्ता घातला तो त्या सोळा वर्षांच्या होत्या तेव्हाचा. तिथं आता गाड्या लावायची जागा होती. मनू म्हणून त्यांना हाक मारणारं शेवटचं माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती. वाचनालयात सगळेच त्यांना ताई म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा. भावंड मात्र त्यांना एकही नव्हतं.

अक्षर बघून गुण पडू नयेत म्हणून सगळ्या कविता टाइप होऊन परीक्षकांकडे जात. टाइप ताईच करत. शनिवारी त्यांनी पहिलं पाकीट उघडलं. मुलीच्या कवितेचं नाव होतं 'जिना'. पहिल्या मजल्यावर साबणाचा वास, दुसऱ्यावर तळणाचा, तिसऱ्यावर औषधाचा आणि कुणाच्या तरी ओल्या बुटांचा. आणि शेवटी,

चौथ्या मजल्यावर
कसलाच वास येत नाही.
तिथं आम्ही राहतो.

ताईंनी हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. मग स्वतःशीच मान हलवली. काळजीचं काही कारणच उरलं नव्हतं. ह्या कवितेपुढे त्या दोन कशा टिकणार?

*नियम ८. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.*

परीक्षक म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांना जाडजूड भिंगाशिवाय दिसत नसे आणि आपलं म्हणणं दोनदा सांगितल्याशिवाय चैन पडत नसे. निकालाचा लखोटा घेऊन ते स्वतः आले.

"मोठ्या गटात ह्या वर्षी मजा आली. मजा आली म्हणजे काय, दोन पोरी अशा आहेत की विचारू नका."

"पोरी कशावरून, सर?"

"अहो, चाळीस वर्षं पेपर तपासलेत मी. तिसरा तो मित्र-चित्रवाला राहू द्या. त्याला उत्तेजनार्थसुद्धा नको." त्यांनी भिंग पुसलं. "जिन्याची चांगलीच आहे. पण ती जरा सजवून सांगते. तीन मजले चढवते तेव्हा कुठे मुद्द्यावर येते. ही रेडिओवाली बघा. थेट."

ताईंच्या हातातला रबरी शिक्का टेबलावर पडला.

"पहिली कोण?"

"रेडिओ. रेडिओच. ही पोरगी खोटं बोलत नाही."

"सर, परत एकदा वाचून बघता का? जिना..."

"ताई, तुम्ही कधीपासून माझ्या कामात लुडबुड करायला लागलात?" ते हसून म्हणाले, पण भिंग खिशात ठेवून दिलं.

त्या संध्याकाळी घराचं कुलूप उघडताना ताईंना आतून बातम्या देणारा माणूस ऐकू आला. सकाळी निघताना त्या रेडिओ चालू ठेवून निघत. बूट काढून त्या तशाच अंधारात उभ्या राहिल्या. लिहिणाऱ्या मुलीचा हक्काचा क्रमांक आपण आपल्याच हातानं काढून घेतला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. सांगावं तर गट रद्द, म्हणजे तिचा दुसरा क्रमांकही गेला. न सांगावं तर...

बातम्या संपल्या तेव्हा त्यांना आठवला तो नववा.

*नियम ९. विजेत्याने समारंभास स्वतः उपस्थित राहावे. अनुपस्थित राहिल्यास त्याचे पारितोषिक पुढील क्रमांकास देण्यात येईल.*

समारंभ रविवारी सकाळी वाचनकक्षात झाला. छोट्या गटातली मुलं आईबाप, आजीआजोबांसकट आली होती, एक तर चक्क शेजाऱ्यांसकट. फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. मुलगी शेवटच्या रांगेत एकटी बसली होती. केस ओले करून चापूनचोपून बसवलेले, शेजारच्या खुर्चीवर स्वतःचीच पिशवी.

मोठ्या गटाची पाळी आली. ताईंनी पाकिटातून चिठ्ठी काढून हेडमास्तरांच्या हातात दिली. त्यांनी ती भिंगाखाली धरली.

"प्रथम क्रमांक. मनू."

ताईंचे गुडघे आपोआप सरळ झाले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. काकांनी वळून पाहिलं. ताईंनी उठून भिंतीजवळचा पंखा उगाचच एक घर वाढवला आणि परत येऊन बसल्या.

"मनू आली आहे का? मनू?"

त्यांनी चार वेळा हाक मारली. दर हाकेला आवाज जास्त मायेनं येत होता, हट्टी मुलाला दाराआडून बाहेर बोलवावं तसा. ताई मांडीवरच्या यादीतल्या नावांवर बोट फिरवत राहिल्या.

"नाही आली. नववा नियम, सर," त्या म्हणाल्या.

"नियम नियमाच्या जागी. कविता तर आलीय ना? मी वाचणार."

आणि ते वाचायला लागले. बाहेर जाताना रेडिओ चालू ठेवणाऱ्या मुलीची कविता. परत आल्यावर कुलपाच्या आत कुणीतरी बोलत असावं म्हणून.

किल्ली लावून मी क्षणभर थांबते.
त्यांचं बोलणं मध्येच तोडू नये,
एवढी रीत मला शिकवलेली आहे.

शेवटच्या रांगेतली मुलगी पुढे झुकली होती. तिनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि घट्ट धरली. नंतर तिचं नाव पुकारलं तेव्हा पहिल्या क्रमांकाचं शाईचं पेन, डबीसकट, तिच्या हातात आलं. टाळ्या वाजल्या. फोटो काढणारे तोवर आपापल्या मुलांना घेऊन दाराशी पोचले होते.

ताई खुर्च्या एकमेकींत अडकवत होत्या तेव्हा मुलगी पेनाची डबी घेऊन समोर उभी राहिली.

"हे तिला द्याल?"

"अगं, ते तुझं आहे. नियमच आहे तसा."

"मी दुसरी आलेय."

"ती आली नाही ना."

"तिला आणायला कुणी नसेल," मुलगी म्हणाली. "माझंपण कुणी नाही आलं. पण मला पायी येता येतं. ती लांब राहत असेल."

ताईंनी खुर्ची खाली ठेवली. तोंड उघडलं. मुलगी थांबली होती. घाई नसलेल्या माणसासारखी.

"पोचवते," ताई म्हणाल्या.

"आत चिठ्ठी आहे. तुम्ही नका वाचू हं."

"नाही."

"तिचं रेडिओचं खरंय. मी टीव्ही लावून येते. आई ओरडते, बिल येतं म्हणून." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मला वाटायचं मी एकटीच आहे असली."

घरी कुणीतरी बाई हवामान सांगत होती. ताईंनी ती डबी बराच वेळ टेबलावर तशीच राहू दिली. मग उठून रेडिओ बंद केला. खोलीत पहिल्यांदा नळाचं ठिबकणं ऐकू आलं, मग वरच्या मजल्यावरचं कुणाचं तरी चालणं. त्यांनी डबीतून चिठ्ठी काढून उलगडली.

*मनू, मी मंगळवारी आणि शुक्रवारी खिडकीजवळ असते. समोरची खुर्ची नेहमी रिकामी असते. बोललं नाही तरी चालेल.*

मंगळवारी चार वाजता काका म्हणाले, "खिडकी आली."

मुलीनं आज पुस्तक घेतलं नव्हतं. ती दाराकडे तोंड करून बसली होती. दार उघडलं की मान वर, मिटलं की खाली. एक म्हातारे गृहस्थ आले. एक बाई जुनी मासिकं परत करून गेल्या. साडेचार झाले. पाच झाले. मुलीनं समोरची खुर्ची पायानं थोडी बाहेर ढकलून ठेवली, कुणाला बसायला सोपी जावी अशी. सव्वापाचला ती पुन्हा आत ओढून घेतली.

ताईंनी खण उघडला.

"काका, जरा काउंटर बघता?"

"तुम्ही कुठं निघालात?"

"इथंच."

काकांनी त्यांच्या हातातल्या डबीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. काउंटरमागे जाऊन त्यांनी उगाच रजिस्टर उघडलं.

काउंटरपासून खिडकीपर्यंत अकरा टेबलं होती. ताईंनी समोरची खुर्ची ओढली, बसल्या, आणि डबी दोघींच्या मध्ये ठेवली. डबीवर चिठ्ठी ठेवली, उलगडलेली.

मुलीनं चिठ्ठी पाहिली. मग ताईंचा चेहरा, पांढरे व्हायला लागलेले केस, टेबलाच्या कडेला धरलेली बोटं. तिच्या मानेवर लाली चढली आणि हळूहळू उतरली. तेवढ्या वेळात ती उठून गेली असती तर ताईंनी तिला थांबवलं नसतं.

मग तिनं विचारलं,

"आज लावून आलात? रेडिओ?"

"नाही," ताई म्हणाल्या. "आज राहिला."