पाठमोरा बिल्ला

मी शेफील्डच्या ‘ब्लू लँटर्न’ पबचा दांडा बोलतोय. काठीबिठीचा नाही हं, बिअर ओढायचा. काउंटरवर ताठ उभा असतो, लाकडी मुठीचा, तो. दोन दमदार हिसके दिले की तळघरातल्या पिंपातून बिअर वर ग्लासात येते. हिसका मात्र दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. माझ्या सगळ्या जन्माची रड काय ती एवढीच.

माझं पितळ याच गावात ओतलं गेलं. ओकच्या लाकडाची मूठ मात्र स्टॅन हॅलमनं स्वतः कातून काढली. स्टॅन दिवसा पोलादाच्या कारखान्यात असायचा आणि संध्याकाळी काउंटरमागे. मूठ कातताना त्यानं माप घेतलं ते बायकोच्या हाताचं, नोरीनचं. “माझ्या हाताला बारीक पडली तर पडू दे. दिवसभर ओढणार तू आहेस,” असं तो तिला म्हणाला होता. पुढे तो गेला आणि त्याचं म्हणणं खरं झालं. वर्षानुवर्षं मला ओढलं ते नोरीननंच.

हळूहळू माझ्या शेजारी गॅसच्या बिअरचे चकचकीत नळ आले. त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्यांच्या बिअरला मरण नसतं, कारण ती कधी जिवंतच नसते. माझी बिअर पिंपातसुद्धा आंबत असते. पिंप येतं तेव्हा ती गढूळ असते. विरजण लावलेलं भांडं आपण हलवत नाही, तसं त्या पिंपाला निवांत राहू द्यावं लागतं. गाळ बसला, बिअर निवळली, की मग ओढायची. आणि एकदा ओढायला घेतली की तीन-चार दिवसांत संपवायची, नाहीतर आंबट ढाण. एवढी कटकट नको म्हणून कितीतरी पबवाल्यांनी माझे भाऊबंद काढून टाकले. नोरीननं मला ठेवलं. एकच दांडा, एका वेळी एकच पिंप, पण त्या पिंपाची बडदास्त बघावी.

आता बिल्ल्याचं सांगतो. माझ्या कपाळावर बिअरच्या नावाचा बिल्ला असतो. बिअर संपली असेल किंवा निवळली नसेल तर तो फिरवून ठेवतात, तोंड आत आणि पाठ गिऱ्हाइकांकडे. हा इथल्या सगळ्या पबांचा रिवाज. पाठमोरा बिल्ला दिसला की शहाणं गिऱ्हाईक समजून घेतं. पण तुमच्यासाठी ती खूण असली तरी माझं ते तोंड आहे हो. ते फिरवलं की मला दिसतात फक्त मागच्या फळीवरच्या बाटल्या आणि नोरीनचा एप्रन.

आमचा रोजचा माणूस म्हणजे वॉल्टर बॅगशॉ. ऐंशी ओलांडलेला, एकटा. प्रत्येक नव्या पिंपाचा पहिला ग्लास त्याचा, हे ठरलेलं.

“नोरीन, उघडले का गं तिनं डोळे?” तो आल्या आल्या बिअरबद्दल विचारायचा.

“झोपू दे तिला, राजा. तूसुद्धा सकाळी काही बघण्यासारखा नसतोस.”

नोरीन सगळ्यांनाच राजा म्हणायची. टपालवाल्यालासुद्धा.

पण वॉल्टर एकटा पिऊन पिऊन किती पिणार? पबची इमारत एका कंपनीची होती. त्यांचा माणूस येऊन रिकाम्या खुर्च्या बघून गेला आणि म्हणाला, शरदापर्यंत गर्दी दिसली नाही तर इथे फ्लॅट बांधू. नोरीन त्याच्याशी हसून बोलली. तो गेल्यावर फडकं घेऊन माझी मूठ पुसत बसली. मी काय करणार होतो?

एक आशा होती. आमच्या शहरात चांगल्या बिअरचे पब शोधत फिरणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. पाठीला सॅक, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, आणि ग्लास हातात आला की आधी खिडकीच्या उजेडात धरणार, मग हुंगणार, मग कुठे घोट घेणार. गल्लीबोळ पालथे घालून ते पब निवडतात आणि दरवर्षी पुस्तिका काढतात. ती हातात घेऊन दुसऱ्या गावांचे लोक शनिवारी आगगाडीनं येतात. पुस्तिकेत नाव आलं की दारात गर्दी हमखास. या शनिवारी ते आमच्याकडे येणार असल्याचं नोरीनला कळलं होतं.

तिनं डोंगरापलीकडच्या एका लहान भट्टीतून पिंप मागवलं, तळघर घासलं, माझ्या नळ्या धुतल्या, आणि बिअर निवळेपर्यंत माझा बिल्ला पाठमोरा करून ठेवला. शनिवारी दुपारी तिनं मला ओढलं. मी सांगतो, तशी बिअर माझ्यातून फार कमी वेळा गेली आहे. काय रंग होता! नोरीननं घोट घेतला आणि डोळे मिटले. “स्टॅन,” एवढंच म्हणाली. मग ग्लास ठेवून तिनं बिल्ला सरळ करायला हात पुढे केला.

तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. वॉल्टर पायरीवर पडला होता.

नोरीन धावली. ॲम्ब्युलन्स आली. त्याच्याबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं. स्टॅनचा भाऊ ट्रेव्हर दिवा बदलायला आला होता, त्याला तिनं काउंटरमागे ढकललं.

“मला यातलं काय कळतंय?” ट्रेव्हर म्हणाला. तो जन्मात गॅसच्या बिअरपलीकडे गेला नव्हता.

“काही कळायला नको. बिल्ला पाठमोरा असला तर त्या दांड्याला हात लावायचा नाही, एवढं ध्यानात ठेव. आणि ती माणसं आली तर हसून बोल.”

बिल्ला आपण फिरवला, असंच तिला वाटत होतं. मी फळीवरच्या बाटल्यांकडे बघत उभा होतो.

थोड्या वेळानं ती माणसं आली. मला दिसली नाहीत, आवाज आले.

“अरेरे,” एक बाई म्हणाली. “क्लाइव्ह, पाठमोरा आहे रे.”

“शनिवारी? भर दुपारी?” क्लाइव्ह म्हणाला. मग ट्रेव्हरला, “काहीच नाही का हो?”

“नाही साहेब. बिल्ला उलटा असला तर द्यायचं नाही, ताकीद आहे,” ट्रेव्हर हसून म्हणाला. बिचारा अगदी मनापासून हसत होता. “नळाची गार बिअर आहे, देऊ?”

“नको. येतो आम्ही.”

बिअर माझ्या गळ्यापर्यंत आलेली होती. एका हिसक्याचा प्रश्न होता. मूठभर लाकूड आणि वीतभर पितळ, मी तसाच उभा राहिलो आणि दार बंद झाल्याचा आवाज ऐकला.

हॉस्पिटलच्या दारातूनच वॉल्टरनं नोरीनला परत हाकललं होतं. “हाडच मोडलंय, जीव गेला नाही. जा तू,” म्हणाला म्हणे. ती धापा टाकत आत आली आणि माझ्याकडे बघून जागीच थांबली. ट्रेव्हरला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

“तू सांगितलंस तेच केलं गं मी.”

“हो राजा. मी सांगितलं तेच केलंस.”

ती रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना बघून आली. मग तिनं बिल्ला फिरवला. मला समोर रिकामं दालन दिसलं.

दोन दिवसांनी वॉल्टर हात गळ्यात बांधून आला. पहिला ग्लास त्याच्यासाठी राखलेला होता. “माझ्यामुळे झालं,” तो म्हणाला. नोरीन म्हणाली, “गप्प बस आणि पी.” दोघं मिळून पिऊन पिऊन किती पिणार? उरलेली बिअर तिनं मोरीत ओतली. त्या वर्षी पुस्तिकेत आमचं नाव आलं नाही आणि शरदात पब बंद झाला. नोरीन समुद्रकाठी बहिणीकडे राहायला गेली. जाताना मला नेणार होती, पण मी काउंटरबरोबर कंपनीचा होतो.

आता मी स्टेशनजवळच्या एका नव्या बारमध्ये शोभेसाठी भिंतीवर स्क्रूनं बसवलेला आहे. खाली पिंप नाही, नळी नाही. लोक जाता जाता मला ओढतात आणि हवेचा एक सुस्कारा निघतो.

परवा एक आवाज ऐकला आणि ओळखला. क्लाइव्ह. मी कुठून आलो ते भिंतीवरच्या पाटीवर वाचून तो मित्राला म्हणाला, “ब्लू लँटर्न? गेलो होतो आम्ही एकदा. त्या बाईला बिअर सांभाळता येत नव्हती.”

आता माझं तोंड अगदी समोर आहे. मी त्याच्याकडे टक लावून बघत होतो. तळघरात गुडघ्यांवर बसून घासणारी नोरीन मला आठवत होती, आणि मी तिच्या बाजूनं एक शब्द बोलू शकलो नाही. त्यानं मला ओढलं, हवा निघाली, तो हसला आणि गेला.

म्हणून तुम्हाला सांगतो. चांगल्या बिअरच्या शोधात कुठल्या गल्लीत शिरलात आणि बिल्ला पाठमोरा दिसला, तर लगेच वळू नका. पब सांभाळणारी बाई कुठे आहे, ते विचारा. थोडं बसा. त्या दिवशी ती माणसं कोपऱ्यावरून वळली असतील-नसतील, तेवढ्यात नोरीन आली होती.