सरावाची पेटी

माणूस कोसळला तर काय करायचं, हे शिकवायला आमच्या धुलाई कारखान्यात एक बाई यायची. संशोधन करत होती म्हणे. कामाच्या जागी कोणाचं हृदय बंद पडलं, तर शेजारची माणसं किती लवकर हात लावतात आणि सारखा सराव करून घेतला तर सुधारतात का, असा काहीतरी तिचा विषय होता. गळ्यात दोरीला घड्याळ अडकवून फिरायची, म्हणून आम्ही तिचं नाव ठेवलं घड्याळबाई. वयाने माझ्या लेकीएवढी. शिकलेली होती, पण नाकाने कांदे सोलणारी नव्हती, एवढं मान्य करायलाच हवं. मी तिला नंतर जे काही बोलले ते बोलले, पण हे खोटं नाही.

आम्ही सगळं घरच त्या कारखान्यात. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे यायचे. मी घड्या घालायच्या टेबलावर, आमचे हे वाळवणीच्या यंत्रांवर, आणि लेक डाग तपासायला. मधल्या रुळांच्या इस्त्रीवर पैलवान. तो कुस्ती वगैरे कधी खेळला नव्हता, नुसता अंगाने तसा होता. उकाडा असा की हिवाळ्यातही आमच्या पाठी कोरड्या नसायच्या.

सरावाला बाई एक रबरी माणूस आणायची. तो यायचा, आडवा व्हायचा, आणि सगळा कारखाना त्याच्याभोवती नाचायचा, म्हणून त्याला जावईबापू म्हणायचे. हे नाव ह्यांनी ठेवलं होतं. आमचे हे दिवसभरात चार वाक्यं बोलायचे, पण त्यातलं एक तरी लोक घरी जाऊन सांगायचे. बाईसुद्धा हसली होती आणि पुढे तीही जावईबापूच म्हणायला लागली.

सराव ठरलेला. कोणीतरी ओरडायचं, कोणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावायचा, पैलवान छातीवर दाब द्यायला बसायचा आणि माझी लेक धावत जाऊन विजेच्या झटक्याची पेटी आणायची. लाल रंगाची, हँडल असलेली, घड्यांच्या टेबलाशेजारी खुंटीला टांगलेली. तिच्यातले चिकट पट्टे छातीला लावले की पेटी आपणहून बोलायची. दूर व्हा म्हणायची, झटका दिला म्हणायची, मग पुन्हा दाब सुरू करा म्हणायची. थोड्या वेळाने म्हणायची, झटक्याची गरज नाही. तेवढं ऐकलं की आम्ही टाळ्या वाजवायचो, जावईबापू उठून ट्रंकेत जायचे आणि चहा यायचा. माणूस श्वास घेईपर्यंत हात थांबवायचे नाहीत, पेटीने गरज नाही म्हटलं म्हणजे तो जगला असं नाही, हे बाई दर वेळी सांगायची. पण ती ते सांगायला लागायची तोवर कपांचा आवाज सुरू झालेला असायचा. तिचं कोण ऐकतंय?

आणि ती पेटी सरावाची होती. खरी पेटी मॅनेजरच्या खोलीत कपाटात होती. वाफेने खराब होईल म्हणून त्याने ती हॉलमध्ये टांगू दिली नाही. दोन्हींचा रंग एक, आवाज एक. सरावाच्या पेटीतून झटका येत नाही, ती नुसती बोलते. हे बाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण पहिल्या दिवशी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं? पुढे प्रत्येक सरावाला लेक टेबलाशेजारचीच पेटी आणत राहिली. सगळ्यांत चपळ तीच, म्हणून बाई तिचं कौतुक करायची, आणि मी उगाच घड्या सारख्या करत ऐकायची.

आमचे हे पडले ते दुपारी, बाई त्या दिवशी आली नव्हती. यंत्रातून चादरी ओढता ओढता खाली बसले. मला वाटलं काही पडलं असेल, ते उचलताहेत. मग कुशीवर कलले आणि तसेच राहिले.

त्यानंतर आमच्या लोकांनी जे केलं ते बघून कोणीही शाबासकी दिली असती. कोणी गोंधळ घातला नाही. फोन लागला, यंत्रं बंद झाली, ह्यांना उताणं करून पैलवान दाब द्यायला लागला. लेक गेली आणि पेटी घेऊन आलीसुद्धा. शर्ट फाडला, पट्टे लावले. पेटी म्हणाली दूर व्हा, आम्ही दूर झालो. पेटी म्हणाली झटका दिला. ह्यांचं अंग हललं नाही, पण जावईबापूंचं तरी कुठे हलायचं? आणि तशातही मला पोरीचा अभिमान वाटत होता. देवा, काय ते मन असतं माणसाचं.

पैलवान पुन्हा दाब देत होता. घाम त्याच्या नाकावरून ह्यांच्या छातीवर पडत होता. मग पेटी म्हणाली, झटक्याची गरज नाही.

पैलवानाने मान वर केली. लेक ह्यांच्यावर वाकली, जरा वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, "थांबा, पैलवानदादा. परत आले बाबा."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. सवयीने, दुसरं काय. मग सगळ्यांनीच वाजवल्या. माझ्या हातांनीही वाजवल्या असतील, मला आठवत नाही. लेक माझ्या गळ्यात पडून हसत होती आणि रडत होती. आम्ही ह्यांना ओल्या टॉवेलने पुसलं, अभ्र्याने वारा घातला. लेक त्यांचा हात धरून त्यांना दटावत होती, की आता आठवडाभर घरी बसायचं, वाळवणीचं नाव काढायचं नाही. मग ती फाटकाकडे धावली, रुग्णवाहिकेला वाट दाखवायला.

रुग्णवाहिकेतला माणूस पिकल्या केसांचा होता. गुडघ्यावर बसला, ह्यांच्या मानेला हात लावला आणि लगेच दाब द्यायला लागला. मला कळेना, आता पुन्हा दाब कशाला. त्याच्या जोडीदाराने आमची पेटी उलटी केली. मागे चिठ्ठी चिकटवलेली होती, फक्त सरावासाठी. त्याने ती माझ्यासमोर धरली आणि हळू आवाजात विचारलं, "दाब कधी थांबवला?" ती चिठ्ठी बघितली मी आणि पैलवानाने, बाकी कोणी नाही. लेक तोवर आत पोचली नव्हती.

दवाखान्यात नेलं, पण नेण्यात काही उरलं नव्हतं.

नंतर घरी भेटायला माणसं आली, त्या प्रत्येकाला लेक एकच गोष्ट सांगायची. बाबा परत आले होते. आम्ही त्यांना परत आणलं होतं, रुग्णवाहिकेत पुन्हा गेले. लोकही म्हणायचे, अगं पोरी, तू तुझ्या हातांनी केलंस, आणखी कोणी काय करणार होतं? एवढ्या एका गोष्टीवर ती जेवत होती आणि झोपत होती. मी शेजारी बसून मान हलवायची. पैलवान एकदाच आला, दारातूनच हात जोडून गेला आणि काम सोडून दिलं. त्याने तोंड उघडलं नाही, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरला मी एकटी गाठून विचारलं होतं. खरी पेटी असती तर? थांबलो नसतो तर? तो म्हणाला, सांगता येत नाही, काही माणसं वाचतात. पण हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच मी ठरवलं, की हे माझ्यापाशी राहील आणि माझ्याबरोबर जाईल. माझं व्हायचं ते होऊ दे, पोरीला हे कळता कामा नये.

मग एक दिवस घड्याळबाई घरी आली. घड्याळ गळ्यात नव्हतं. लेक कामावर गेली होती. बाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, रडू नकोस, ह्या घरात रडायचं काम माझं आहे. मग मी तिला नाही नाही ते बोलले. दिसायला सारख्या दोन पेट्या करणाऱ्याची अक्कल काढली, मॅनेजरची काढली, तिच्या शिक्षणाची काढली. तिने सगळं ऐकून घेतलं. सरावाच्या पेट्या तिने जिथे जिथे दिल्या होत्या तिथून, तिला हे कळलं त्याच दिवशी, उचलल्या होत्या. पण बाकीच्या ठिकाणी बाकीचे लोक असेच सराव घेतात, म्हणून तिला हे लिहायलाच हवं होतं. नाव कोणाचं घालणार नव्हती.

मी म्हटलं, लिही बाई, हवं तेवढं लिही, माझी लेक काही तुमचे जाडजूड ग्रंथ वाचत नाही.

तेव्हा तिने खरं कारण सांगितलं. मॅनेजरने लेकीला नव्या पाळ्यांना सराव शिकवायला नेमलं होतं आणि लेक हो म्हणाली होती. बाईला तिने स्वतः फोन करून कळवलं होतं, की मी बाबांचंच उदाहरण सांगणार, ते कसे परत आले ते. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"मावशी, ती लोकांना शिकवेल, की पेटीने गरज नाही म्हटलं की थांबायचं," बाई म्हणाली. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मी तिला जा म्हटलं. मी सांगते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढच्या कोणाच्या तरी नवऱ्यावर, कोणाच्या तरी बापावर हात थांबवायला माझीच पोर शिकवणार होती. आणि ते टाळायचं, तर तिच्या जिवाला एवढा एकच आधार होता, तो मला माझ्या हाताने काढून घ्यायचा होता.

लेक संध्याकाळी आली ती खुशीत. कितीतरी दिवसांनी तिने केस नीट बांधले होते. हात धुता धुता काय काय बोलायचं ते मला सांगायला लागली. मी तिला खाली बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. पेटी सरावाची होती. झटका बसलाच नव्हता. ती गरज नाही म्हणाली, ते ती दर सरावाला म्हणते म्हणून म्हणाली.

ती ऐकत राहिली. मला वाटलं किंचाळेल, मला मारेल, बाईला शिव्या देईल. त्यातलं काही केलं नाही. उलट मलाच समजावायला लागली.

"नाही गं आई. मी नुसतं पेटीचं ऐकून थांबवलं नाही. मी बाबांच्या मानेला बोटं लावून बघितलं होतं. नाडी लागत होती. अगदी जोरात."

  बाहेरून कोणीतरी हाक मारून गेलं, तिकडे आम्ही लक्ष दिलं नाही. मग तिने दोन बोटं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर दाबून धरली आणि बघत राहिली.

"धावून आलं की आपलीच नाडी बोटांत लागते, असं बाई म्हणायची," ती म्हणाली. "आई, ती माझी होती का?"

मला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण शब्द आला नाही, आणि ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.