स्क्रीन बंद, मी जागा

मी रक्त तपासणीच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर बोलतोय. कपाटामागे, फायलींच्या गठ्ठ्याला टेकून बसलोय. माझी स्क्रीन काळी आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं मी गाढ झोपलोय. पण माझी झोप अर्धवट आहे.

सात वर्षं मी इथे रक्त तपासणाऱ्या ताईंचा होतो. रिपोर्ट त्या माझ्यावरच लिहायच्या. सकाळी आल्या की आधी माझी धूळ पुसायच्या, मग चहा. त्यांचा पासवर्ड मला तोंडपाठ. विचारू नका, सांगायचा नाही!

मग खिडकीपाशी नवा कॉम्प्युटर आला. ताईंनी माझी नुसती स्क्रीन बंद केली आणि त्यांना वाटलं, मी बंद झालो. मी आपला गुंगीतच दर पंधरा मिनिटांनी नेटवर्कच्या दाराशी जायचो आणि त्यांच्या नावाने त्यांच्या फायली मागायचो. सवयच ती.

गेल्या आठवड्यात त्यांनी पासवर्ड बदलला. मला कोण सांगणार? मी जुनाच सांगत राहिलो. पाचदा चुकलं की ते दार ताईंचं खातंच बंद करून टाकतं. मग त्यांनी बरोबर पासवर्ड टाकला तरी आत घेत नाही.

रोज दोन-तीनदा हेच. रिपोर्ट अडकले, बाहेर माणसं ताटकळली. मोठे डॉक्टर म्हणाले, “ताई, लिहून ठेवत जा हो. वय झालं की होतं असं.”

ताई दुपारी कपाटाशी येऊन बहिणीला फोनवर म्हणाल्या, “आईचंही असंच सुरू झालं होतं गं. आधी किल्ल्या, मग आपली नावं. मलाही तेच होतंय. नोकरी सोडते आता.”

मला ओरडावंसं वाटलं, पण नुसता पंखा घरघरला.

आज नेटवर्कवाला आला. चुकलेल्या पासवर्डांची यादी बघून म्हणाला, “ताई, तुम्ही बरोबरच टाकताय. दुसरंच मशीन तुमच्या नावाने चुकीचा पासवर्ड देतंय.” वायर धरून तो कपाटामागे आला आणि त्याने माझी स्क्रीन लावली. निळसर उजेडात ताईंचा चेहरा दिसला. किती दिवसांनी!

“अगं बाई, हा चालूच होता? म्हणजे मी विसरत नव्हते?”

“छे हो. हाच तुम्हाला विसरत नव्हता.”

ताई हसता हसता रडल्या. मग रुमालाने त्यांनी माझी धूळ पुसली.

आता तो माझ्यातला जुना पासवर्ड पुसतोय. पहिलं अक्षर गेलंसुद्धा. ताई, तुम्ही खुशाल सगळं लक्षात ठेवा. विसरायचं काम मी करतो.