पाहुण्यांसमोरची पिंकी

पिंकीचं तोंड म्हणजे तिची आई सरूबाई, हे आंबवड्यात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. जन्मापासून पिंकीचे शब्द घशातून अडखळत, एकमेकांवर आदळत बाहेर पडायचे. बोटंही वळायची नाहीत, त्यामुळे शाळा चौथीतच सुटली आणि लिहिणं राहिलंच. पोरगी लग्नाची झाली तरी तिचं बोलणं कळायचं ते एकट्या आईला. दुकानदार असो की डॉक्टर, पिंकी बोलायची आणि सरूबाई सांगायची. सांगताना ती थोडी कात्री लावायची, ही गोष्ट वेगळी. मावशीच्या घरी पिंकी तोंडावर म्हणायची, "पोहे खारट झाल्यात." सरूबाई लगेच, "लई झ्याक झाल्यात म्हनती." पिंकी डोळे वटारायची आणि मावशी आणखी वाढायची.

पण मागच्या उन्हाळ्यात कात्री जरा जास्तच चालली. वेल्ह्याच्या एसटी स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणारा अजित, एका पायानं अधू, भोरच्या दिव्यांग शिबिरात पिंकीला भेटला होता. दोघं अर्धा दिवस एकाच बाकावर बसून होती, आणि त्याला तिचं निम्मंअर्धं कळलंही म्हणे. मग त्याच्या वडिलांनी, साहेबरावांनी, फोन करून सरळ मागणीच घातली. सरूबाईला वेगळीच काळजी. परक्या घरात पोरीला तहान लागली की पोट दुखतंय, हे कुणाला कळणार? आणि ती गेल्यावर रिकाम्या घरात आपण कुणाशी बोलायचं, हेही होतंच. पिंकी शेजारी बसून जिवाच्या आकांतानं होकार देत होती. सरूबाईनं फोन तिच्याकडे धरला. "ऐका, कशी वरडती! न्हाई म्हनती."

त्या दिवसापासून पिंकी आईशी कामापुरतंच बोलायची.

पावसाळा सरताना भोरहून चैत्राली मॅडम आल्या. बोलायला अडचण असलेल्या मुलांना शिकवणं हे त्यांचं काम. त्यांच्यासोबत अजितचा निरोप होता. पिंकीकडून स्वतः ऐकल्याशिवाय तो नकार मानायला तयार नव्हता, आणि महिन्याभरानं बापलेक घरी येणार होते. मॅडमच्या मोबाईलमध्ये एक ॲप होतं. एकाच माणसाचं बोलणं ऐकून ऐकून ते शिकायचं आणि मग तेच स्वच्छ आवाजात बोलून दाखवायचं. मॅडमनी वाक्य वाचायचं, पिंकीनं मागोमाग म्हणायचं, एवढीच शिकवणी.

इथं सरूबाईनं घोळ घातला. इतक्या हुशार यंत्रापुढं पोरीनं गबाळं बोललेलं तिला कसं चालणार? तिनं पिंकीची वेणी घातली, नवी ओढणी दिली आणि शेजारी ठाण मांडलं. "सावकाश बोल. पाव्हण्यांत बोलतीस तसं." पिंकी एकेक अक्षर ओढून काढायची आणि घामाघूम व्हायची. ढीगभर वाक्यं झाली. मग चहा पिताना पिंकी रोजच्या आवाजात काहीतरी म्हणाली, आणि मोबाईल म्हणाला, "बैल चपाती." सरूबाईला हसू फुटलं. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं.

मॅडमनी सगळं रेकॉर्डिंग ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही ह्याला पाहुण्यांसमोरची पिंकी शिकवलीत. एरवी ती तशी बोलते कधी? हिला भांडू दे, कोंबड्या हाकलू दे, हवं तसं बोलू दे. आणि तुम्ही जरा बाहेर बसा."

पोरीच्या बाबतीत 'बाहेर बसा' असं सरूबाईला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती ओट्यावर लसूण सोलत बसली आणि आतलं पिंकीचं हसणं ऐकत राहिली. तिला राग आला, आणि रडूही आलं. मोबाईलला मात्र हळूहळू पिंकी कळायला लागली. सगळी नाही, पण बरीच.

ठरल्या दिवशी साहेबराव आणि अजित आले. जय भीम झाला, चहा झाला. "काय पोरी, काय इचार हाय?" असं पिंकीला विचारून साहेबरावांनी उत्तरासाठी मान सरूबाईकडे वळवली. उत्तर मोबाईलमधून आलं. "मला अजित पसंत आहे. मागच्या वेळी पण मी हो म्हणाले होते."

साहेबरावांची बशी तोंडाशीच थांबली. सरूबाईला मान वर करवेना.

पिंकी पुढं आणखी बोलली. पण आता तिचा गळा भरून आला होता आणि शब्द फारच लोळत होते. मोबाईल गप्प. तिनं पुन्हा म्हटलं, तरी गप्प. अजित पुढं वाकला. "आईचं कायतरी म्हनली. फुडचं न्हाई कळलं."

सगळ्यांच्या नजरा सरूबाईकडे गेल्या. पिंकीचीही, आणि त्या नजरेत विश्वास नव्हता. सरूबाईला अख्खं कळलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं असतं, तर पाहुणे उठून गेले असते आणि ते खोटंही ठरलं नसतं.

"ती म्हनती," सरूबाई म्हणाली, "आईबिगर मला तिथं करमायचं न्हाई." ती थांबली. मग पिंकीकडं बघत पुढं म्हणाली, "पन हितं ऱ्हायले तर जल्मभर आईच माझ्या वतीनं बोलंल. मला जायाचंय." मग पदरानं तोंड पुसलं. "ह्यात माझं कायबी न्हाई. समदं तिचंच हाय."

साहेबरावांनी पिंकीकडंच बघत विचारलं, "लगीन कुठं करायचं, पोरी? हितं का वेल्ह्याला?"

पिंकीनं उत्तर दिलं. सरूबाईला ते लगेच कळलं. पण ओठ घट्ट मिटून ती बसून राहिली, अजितला कळेपर्यंत.