शनिवारची एकेरी गाडी

थॉर्नवूडचं स्टेशन बंद झालेलं नव्हतं. बंद करायचं तर कायद्याने नोटिसा काढा, लोकांच्या हरकती ऐका, असा सगळा व्याप. त्यापेक्षा आठवड्यातून एक गाडी थांबवलेली परवडते, हे रेल्वे कंपनीने ताडलं होतं. म्हणून दर शनिवारी सकाळी एक गाडी तिथे थांबे आणि शहराकडे निघून जाई. शहराकडून येणारी एकही नव्हती.

निवृत्त शिक्षिका विनिफ्रेड टॅपस्कॉट त्या गाडीने शहरात बहिणीकडे, डोरीनकडे जात आणि दोन बस बदलून परत येत. आता गुडघे ऐकेनात. परतीची गाडी मिळाली नाही, तर जाणंच थांबणार होतं, आणि डोरीनला दुसरं कोणी नव्हतं.

"मग राहायलाच ये ना," डोरीन म्हणे.

"आणि स्टेशनवरच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

स्टेशनच्या दीडशेव्या वाढदिवशी कंपनीचे मोठे अधिकारी ज्युलियन प्राउस इतिहासाचा फलक उघडायला आले. आदल्या स्टेशनवरून मोटार परत पाठवून, फोटोपुरते गाडीत चढून; त्याच गाडीने पुढे शहरात जायचा बेत होता. फलकावर लिहिलं होतं, 'दीडशे वर्षांची अखंड सेवा.' साहेबांनी फीत कापली, टाळ्या पडल्या आणि मागे गाडी सुटली. कोणासाठीही गाडी थांबवायची नाही, हा नियम त्यांचाच.

"पुढची गाडी कधी?"

"पुढच्या शनिवारी," बाई म्हणाल्या. "ओळखलं नाहीस, ज्युलियन? तिसरीत खिडकीपाशी बसायचास."

साहेबांचे हात आपोआप खिशांतून बाहेर आले. "बाई, तुम्ही!"

"परतीच्या गाडीसाठी मी अर्ज केला, त्याला नाही का म्हणालास?"

"मागणीच नाही, बाई. आम्ही मोजणी केली. शहराकडून येऊन इथे कोणीच उतरत नाही."

"बरं. गाडीच येत नसेल, तर किती माणसं उतरतील? घाई नको. बोटांवर मोजलंस तरी चालेल."

"शून्य, बाई."

"शाब्बास! आता त्या शून्याचं कारण सांग."

कारण सांगायला साहेबांना बसथांब्यापर्यंतचा चढ, बारीक पाऊस आणि न आलेली एक बस लागली. "चुकलं, बाई," ते शेवटी पुटपुटले.

दोन महिन्यांत परतीची गाडी सुरू झाली. शुक्रवारी.

बाईंनी लगेच फोन लावला. "अरे, शनिवारी जाऊन शुक्रवारी परत यायचं?"

"मोकळी गाडी त्याच दिवशी होती, बाई. फार भांडलो हो मी."

डोरीन मात्र हरखून गेली. तिने पाहुण्यांची खोली झाडायलाच घेतली.

पुढच्या शनिवारी बाई मोठी बॅग घेऊन गाडीत बसल्या. फलाटावर ज्युलियन प्राउस उभे होते, टाय शर्टात खोचून, हातात झारी. आठवडाभर ते दोन बस बदलून येणार होते.

गाडी हलली. बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मुळाशी घाल रे! पानांवर नको!"