दम्मामहून परतलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, शिंप्याची, चांगली वजनदार. आता धार गेली आहे, स्क्रू ढिला झाला आहे आणि स्वभावही कडवट झाला आहे. तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टींची अपेक्षा ठेवू नका.

मला घडवलं एका लोहाराने, पण कामाला लावलं पनवेलच्या हसनभाईंनी. बाजारातल्या त्यांच्या दुकानात मी ब्लाउज कापले, शाळेचे गणवेश कापले. पार कामोठ्याहून बायका यायच्या आणि हसनभाईंच्या कटिंगचं कौतुक करायच्या. मीही फुशारून जायचे.

मग सौदी अरबस्तानातल्या दम्मामला शिंपी कमी पडले. तिथल्या पोरांना सुईदोरा नको होता, म्हणून सरकारने बाहेरच्यांना दारं उघडली. हसनभाईंनी सगळे घेतात तसाच आझाद व्हिसा घेतला. कागदावर ते एका शेठच्या घरचे माळी, शिवायचं मात्र दुसऱ्याच्या दुकानात. हे सगळ्यांना ठाऊक आणि सगळेच गप्प. इकडे पनवेलचे शिंपीही आखातात गेलेले. मग दुकान चालवायला हसनभाईंनीच उत्तर प्रदेशातून शहजाद नावाच्या शिंप्याला बोलावून घेतलं.

मला हसनभाईंनी सोबत नेलं, आणि सात वर्षं मी तिथे अरबांचे पायघोळ पांढरे झगे, म्हणजे तोब, कापले. तिथल्या दुकानाचा मालक खूश होता. पुढे तिथली पोरं बेकार हिंडू लागली, तसा नवा कायदा आला. आधी आपली माणसं कामाला लावा, आणि परक्याने कागदावर असेल तेच काम करावं. माळी कपडे शिवतो कसा, असं विचारलं गेलं तेव्हा मालकाने मान फिरवली. ज्यांना बोलावून नेलं त्यांनाच चोरासारखं विमानात बसवलं. मला फार राग आला. अजून येतो.

आता हसनभाईंकडे दुकान तेवढं उरलं होतं. पण तिथे गिऱ्हाईक शहजादकडे मापं देत होतं.

"भाईजान, एका मशीनवर तुम्ही बसा, एकावर मी बसतो," शहजाद म्हणाला.

"इथल्या माणसाला काम नाही आणि तुम्ही बाहेरचे येऊन बसता," हसनभाई म्हणाले. "तू आपल्या गावी जा."

त्यांची बायको ताहिरा डबा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. "अहो, त्याला तुम्हीच आणलंत ना? दम्मामवाल्यांना रोज शिव्या देता, मग हे काय चाललंय?"

हसनभाईंनी मला उचललं आणि टेबलावर कापड पसरलं. शहजादने शिवून झालेले ब्लाउज इस्त्री करून ठेवले आणि तो निघून गेला.

मग खरं दुखणं समोर आलं. सात वर्षं सरळसोट तोब कापून हसनभाईंचा हात ब्लाउज विसरला होता. कटोरी बसेना, बाही चढेना. दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक निशाताई लग्नातला ब्लाउज परत घेऊन आल्या. भांडल्या नाहीत, "शहजाद कुठे असतो?" एवढंच विचारलं. दिवाळीच्या आत दुकान बंद पडलं.

ताहिराने शहजादला फोन केला. तो आदबीने म्हणाला, "भाभी, बोलावलंत तेव्हा आलो, जा म्हणालात तेव्हा गेलो. आता नाही येणार."

मित्रांनो, काम संपलं की मला तेल लावा, फडक्यात गुंडाळा आणि खुशाल विसरून जा. मी लोखंड आहे. माणसाला असं गुंडाळून ठेवता येत नाही. बोलावलंत की तो राहणार, जीव लावणार, इथलाच होणार. ते झेपणार नसेल तर मेहरबानी करा, त्याला बोलावूच नका.